भाकरी खाल्ली आणि पोट फुगले : दोष कोणाचा?

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



या पानावर एरवी मी लागण, खोडवा, बेणेप्लॉट आणि खतांचे हप्ते याच गोष्टी लिहीत असतो. या अंकात विषय थोडा वेगळा आहे. गेल्या दोन-तीन हंगामांत गटसभा संपली, चहा आला, की चार-दोन सभासद हळूच बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारतात. "साहेब, डॉक्टरांनी भात कमी करून भाकरी खा म्हणून सांगितलंय. पण भाकरी खाल्ली की पोट नगाऱ्यावानी हुतंय. काय करावं?" विचारणारे साधारण पन्नाशीच्या पुढचे, साखर असलेले. (आपल्या गोदामातली साखर नव्हे, रक्तातली!) त्यांच्यातल्या निम्म्यांनी तर भाकरी सोडूनही दिली. पुन्हा भात, पुन्हा पाव-खारी, आणि पुन्हा साखर तीनशेच्या पुढे. म्हणून हा लेख.

मी शेतकी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. तेव्हा औषध सांगणे हे माझे काम नाही. पण पोटात वायू का धरतो हा प्रश्न मुळात कुजण्याचा आणि आंबण्याचा आहे, आणि कुजवणे-आंबवणे हा तर आपला रोजचा धंदा आहे. पाचट कुजवणारा, गोबरगॅस चालवणारा माणूस हे प्रकरण शहरातल्या माणसापेक्षा लवकर समजू शकतो असे मला वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्या भागात पाणी येण्यापूर्वी घराघरात शाळूची भाकरी होती, माळाकडे बाजरी होती. गहू सणासुदीला आणि भात पाहुणा आल्यावर. कॅनॉल आले, उपसा सिंचन योजना झाल्या, शाळूच्या रानात ऊस उभा राहिला. हातात पैसा खेळू लागला तशी चपाती आणि भात रोजचे झाले. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही, आपणच तो ऊस लावला आणि त्याच्यावर पोरे शिकवली. पण एका पिढीत ताटातले धान्य बदलले. पुढे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, सरकारने ज्वारी-बाजरी-नाचणीला 'श्री अन्न' असे नाव दिले, आणि जी भाकरी गरिबाची म्हणून मागे पडली होती ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर परत आली. आली ती मात्र एकदम. तीस वर्षे भात खाल्लेल्या पोटात सोमवारपासून तीन वेळा भाकरी. गडबड इथेच आहे.

आता आकडे बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते छापले आहेत. त्यात १०० ग्रॅम धान्यात तंतुमय भाग, ज्याला आपण चोथा म्हणू, तो किती असतो हे दिले आहे. ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, नाचणीत ११, बाजरीत साडेअकरा. पॉलिश केलेल्या तांदळात २.८ ग्रॅम आणि मैद्यातही जवळजवळ तेवढाच. म्हणजे जो माणूस दिवसाला पाव किलो तांदळाचा भात खात होता त्याच्या पोटात तांदळातून सात ग्रॅम चोथा जात होता. तेवढ्याच वजनाच्या ज्वारीतून पंचवीस ग्रॅम गेला. साडेतीन पट, आणि तोही एका दिवसात वाढला. बैलाला कडब्यावरून एकदम हिरव्या लसूणघासावर सोडले तर काय होते ते कोणाला सांगायला नको.

पण याच तक्त्यात एक गंमत आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. चक्कीवर दळलेल्या, कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठात चोथा ११ ग्रॅमच्या वर आहे, म्हणजे ज्वारीपेक्षा किंचित जास्तच! तेव्हा जो सभासद इतकी वर्षे घरच्या गव्हाची चपाती खात होता आणि आता भाकरीवर आला, त्याच्या पोटात चोथा काही वाढलेला नाही. तरीही पोट फुगत असेल तर चोर भाकरी नाही, भाकरीबरोबर येणारा कोणीतरी आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

पोटातला गोबरगॅस

उसात साधारण १३ ते १४ टक्के तंतुमय भाग असतो. कारखान्यात आपण रस एकीकडे काढतो आणि हा भाग बगॅस होऊन बॉयलरला जातो. माणसाच्या पोटाचेही तसेच आहे. धान्यातला स्टार्च, प्रथिने, चरबी ही लहान आतड्यात पचून रक्तात जातात. चोथा पचवणारे पाचक रस माणसाकडे नाहीत. तो तसाच पुढे मोठ्या आतड्यात उतरतो. तिथे बॉयलर नाही, तिथे आहे जिवाणूंची वसाहत. कोट्यवधी जिवाणू या चोथ्यातला जो भाग त्यांना खाता येतो तो आंबवतात. त्यातून दोन गोष्टी निघतात. एक, काही सौम्य आम्ले, जी आतड्याच्या आतल्या अस्तराला पोसतात. दुसरी, वायू. त्यात हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही माणसांत मिथेनही असतो. मिथेन म्हणजे गोबरगॅसच्या शेगडीत जळतो तोच. या तिन्ही वायूंना वास नाही. वास येतो तो गंधकाच्या अंशमात्र संयुगांचा.

गाय-म्हैस हेच काम पोटाच्या पहिल्या कप्प्यात करते, म्हणून ती कडबा खाऊन दूध देते आणि वायू ढेकरेवाटे काढून टाकते. आपल्याकडे ती सोय शेवटच्या टोकाला आहे, आणि बाहेर जायचा रस्ताही त्याच बाजूला! निरोगी माणसाचा वायू दिवसातून दहा ते वीस वेळा सरतो. हे नैसर्गिक आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दाबून धरून बसणाऱ्याला पोट फुगल्यासारखे वाटणारच.

आता पाचटाचा हिशेब आठवा. खोडव्यात पाचट ठेवताना आपण टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धन टाकायला सांगतो, वर पाणी देतो. का? तर नुसते कोरडे पाचट रानात पडून राहते. कुजवणारे जिवाणू हवेत, त्यांना खाद्य हवे, ओल हवी आणि वेळ हवा. पोटाचे सूत्र याहून वेगळे नाही. ज्या आतड्यात वर्षानुवर्षे भात आणि मैदा उतरला तिथे चोथा आंबवणाऱ्या जिवाणूंचा मेळ वेगळा बसलेला असतो. धान्य बदलले की हा मेळ हळूहळू बदलतो, त्याला काही आठवडे लागतात. नवीन गोबरगॅस प्लँट भरल्यावर पहिल्या दिवशी शेगडी पेटते का? आणि घाई करून एकदम चार पाट्या जास्त शेण-खरकटे ढकलले तर सगळा प्लँट आंबून बसतो. तसेच.

ओलीचे तर विशेष सांगितले पाहिजे. चोथा पाणी धरून ठेवतो, म्हणून तर शौचाला साफ होते. पण चोथा वाढवला आणि पाणी वाढवले नाही, तर तोच चोथा आतड्यात घट्ट होऊन बसतो. मग शौचाला होत नाही, वायू मागे अडतो, आणि माणूस म्हणतो भाकरी बाधली. आपल्याकडे रानात जाताना पाण्याची कळशी सावलीत ठेवून माणूस दुपारपर्यंत तिच्याकडे फिरकत नाही. तोडणीच्या दिवसांत फडावर तर नाहीच नाही. किती पाणी प्यावे याचा एक आकडा सगळ्यांना लागू होत नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते डॉक्टरांनाच विचारावे. बाकीच्यांनी लघवी पिवळीजर्द होते की फिकट, एवढे पाहिले तरी पुरे.

चोथ्याचे महत्त्व जगाला सांगणारे एक आयरिश शल्यचिकित्सक होते, डेनिस बर्किट. त्यांनी बरीच वर्षे आफ्रिकेत, युगांडात काम केले. भरड धान्य, कंदमुळे खाणाऱ्या तिथल्या खेड्यातल्या लोकांत बद्धकोष्ठ, मूळव्याध आणि मोठ्या आतड्याचे रोग इंग्लंडच्या मानाने फारच कमी दिसतात, हे त्यांनी १९७० च्या दशकात पुन्हा पुन्हा मांडले. त्यांचे सगळेच तर्क पुढे जसेच्या तसे टिकले असे नाही, पण चोथ्याचे धान्य आतड्याला, हृदयाला आणि साखरेला हिताचे हे आता सर्वमान्य आहे. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही चोथ्यावर भर दिला आहे. म्हणून पोट फुगते या कारणाने भाकरी सोडणे म्हणजे तण आले म्हणून ऊसच मोडून टाकणे होय.

भाकरीबरोबरचे चोर

एका सभासदांची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. साखर निघाल्यावर त्यांनी मनावर घेतले आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून ज्वारी, बाजरी, नाचणी, सोयाबीन, हरभरा, मेथ्या, जवस असे सात धान्यांचे पीठ दळून आणले. आठ दिवसांत पोटाचा असा फुगारा झाला, की रात्री ट्रॅक्टरच्या रांगेत केन यार्डवर त्यांना बसवेना, झोपवेना. दहाव्या दिवशी पीठ म्हशीच्या आंबोणात गेले, आणि वर 'ज्वारी आपल्याला मानवत नाही' असा शिक्का.

यात ज्वारीचा काय दोष? सोयाबीन आणि हरभऱ्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. आपल्या कारखान्यात बनते ती साखर लहान आतड्यात चटकन फुटते. या शर्करा फोडणारे पाचक द्रव्य मात्र माणसाच्या आतड्यात नाहीच. त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात जातात आणि जिवाणूंचे तिथे जेवणावळ उठते. शिवाय अख्ख्या हरभऱ्यात चोथा १०० ग्रॅमला २५ ग्रॅम, डाळीत १५. सगळ्याच कडधान्यांचे कमी-अधिक असेच आहे. आता विचार करा, आपण भाकरी कशाबरोबर खातो? पिठल्याबरोबर. हुलग्याच्या माडग्याबरोबर. मटकीच्या उसळीबरोबर. आणि तोंडी लावायला बुक्कीने फोडलेला कांदा!

हा कांदा साधा नाही. कांदा, लसूण आणि गहू यांच्यात फ्रुक्टन नावाचा एक पदार्थ असतो, तोही माणसाला पचत नाही आणि फार लवकर आंबतो. ज्यांचे आतडे जात्या हळवे आहे त्यांना तो फार जाणवतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २००५ पासून या विषयाचा पाठपुरावा केला आहे, आणि त्यांच्या यादीत ज्वारी-बाजरी ही त्रास कमी देणारी तर गहू हा जास्त देणारा असे निघते. आपल्यातही असे लोक आहेत, ज्यांना चपातीने गुबारा धरतो आणि भाकरीने हलके वाटते. आमच्या गटातल्या एका आजींनी हे विद्यापीठाच्या आधीच सांगितले होते, पण आजींचे कोण ऐकतो.

दुसरा चोर दूध. रात्री भाकरी कुस्करून दुधात खाणे ही आपली जुनी सवय. मोठेपणी दुधातली शर्करा पचवण्याची ताकद आपल्या देशातल्या पुष्कळ माणसांत कमी होते. कपभर चहातले दूध जाते, पण वाडगाभर दुधाला पोट कुरकुरते. सकाळी नाव भाकरीचे. दुधाऐवजी ताक-भाकरी खाऊन बघा. विरजण लागताना त्यातली काही शर्करा जिवाणूंनी आधीच संपवलेली असते.

तिसरा चोर गोळी. हे फार लोकांना माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. साखरेवर व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज नावाचे औषध पुष्कळांना दिलेले असते, कधी दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीत. त्याचे कामच असे, की स्टार्च लहान आतड्यात लवकर फुटू द्यायचा नाही, म्हणजे जेवणानंतर साखर चढत नाही. मग न फुटलेला काही स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे आंबतो. पोट फुगणे, वायू सरणे हा या गोळीचा ठाऊक असलेला परिणाम आहे. मेटफॉर्मिन सुरू केल्यावरही पहिले काही आठवडे पोट बिघडू शकते. भाकरी आणि गोळी दोन्ही एकाच चिठ्ठीवर सुरू झाली, तर नाव भाकरीचे होते. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. गोळ्यांची पाकिटे खिशात घालून डॉक्टरांकडे जायचे आणि 'वायू फार धरतो' एवढे स्पष्ट सांगायचे. मात्रा कमी करणे, औषध बदलणे हे त्यांच्या हातात आहे. लाजू नये.

चौथा चोर आपण स्वतः. वजनकाट्यावर नंबर लागलाय म्हणून चार घासांत भाकरी गिळणे, वर बाटलीतले सोड्याचे पाणी, तोंडात तंबाखूचा बार. घाईने गिळताना अन्नाबरोबर हवाही पोटात जाते, सोड्यातला वायू वेगळाच. भाकरी चावून खाण्याची वस्तू आहे. ज्यांचे दात पडलेत त्यांनी ती भाजीच्या रश्शात किंवा ताकात भिजू द्यावी.

मग चोर कोणता हे ओळखायचे कसे? आपण चाचणी प्लॉट घेतो तसे. वाण, खत आणि पाणी तिन्ही एकदम बदलले तर उतारा कशाने वाढला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चार-पाच दिवस बघायचे, आणि लिहून ठेवायचे. पहिले चार दिवस पिठले-उसळ बंद, भाकरी चालू. फरक पडला तर कडधान्य पकडले. नाही पडला तर उसळ परत सुरू, आणि चार दिवस कच्चा कांदा बंद. मग दूध. घरात जुनी वही असतेच. उसाच्या स्लिपा जपून ठेवणाऱ्या माणसाला एवढी नोंद जड नाही.

भाकरीची लागण कशी करावी

पहिल्या आठवड्यात फक्त दुपारच्या जेवणात एक भाकरी. बाकी चालू होते तेच, पण भात थोडा कमी. पोट राजी असेल तर दुसऱ्या आठवड्यात रात्री अर्धी. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुरते भाकरीवर यावे. मध्येच फुगले तर सोडायचे नाही, एक पायरी खाली यायचे आणि आठ दिवस तिथेच थांबायचे. दुपारी का म्हणतो? तर नंतर हालचाल होते. जेवून शंभर-दोनशे पावले चालणाऱ्याचा वायू पुढे सरकतो. आडवा झालेल्याचा जागीच फिरतो.

भाकरी कच्ची नको. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून आपल्या आया-बहिणी कढत पाण्यात पीठ मळतात. त्याने स्टार्च फुलतो आणि भाकरी थापता येते. जाड थापलेली, वरून भाजलेली आणि आत ओली राहिलेली भाकरी पोटात जड होते, तिच्यातला कच्चा स्टार्च नीट पचत नाही. शिळ्या भाकरीचे वेगळेच आहे. भाजलेली भाकरी गार झाली की तिच्यातला काही स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि चोथ्यासारखा वागतो. साखरवाल्याला ते एका परीने बरे, पण नुकती भाकरी सुरू केलेल्याला त्याने वायू जास्त होईल. सुरुवातीला ताजी खावी.

ज्वारीची एक खोड शास्त्रज्ञांनीही नोंदवली आहे. पाण्यात शिजवल्यावर तिची प्रथिने पचायला कठीण होतात, जे तांदूळ-गव्हात तेवढे होत नाही. यावर उपाय पुस्तकात नंतर आला, घरात आधीपासून होता. तो म्हणजे आंबील. रात्री नाचणीचे किंवा ज्वारीचे पीठ ताकात कालवून ठेवायचे, सकाळी पाणी घालून शिजवायचे, वर मीठ, जिरे, ठेचलेला लसूण (लसूण बाधत असेल तर वगळा). रात्रभर आंबल्यामुळे पोटाचे निम्मे काम मडक्यातच होते. ज्वारी जिथली मूळची त्या आफ्रिकेतही हेच आहे. सुदानात आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची 'किसरा' नावाची पातळ पोळी रोजच्या जेवणात असते. ज्यांना भाकरी अजिबात झेपत नाही त्यांनी आंबिलीपासून आणि ताकातल्या कण्यांपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे. साखरवाल्याने तिच्यात गूळ घालू नये, एवढे मात्र गूळ-साखरेच्या धंद्यातला माणूस असूनही सांगतो.

कडधान्ये रात्रभर भिजवावीत, ते पाणी ओतून द्यावे आणि नव्या पाण्यात शिजवावीत. त्या फुगवणाऱ्या शर्करांतला बराच भाग भिजवणीच्या पाण्याबरोबर जातो. मोड आणले तर आणखी कमी होतो, कारण तो साठा अंकुर स्वतःच वापरतो. हिंग, ओवा, आले घालण्याची आपली पद्धत चांगली आहे, चालू ठेवावी. पण पाव किलो हरभरा उसळीला चिमूटभर हिंग पुरेल या भरवशावर राहू नये.

इसबगोलाचे विचारणारेही पुष्कळ. तो चोथाच आहे, पण आतड्यात फारसा आंबत नाही, म्हणून बद्धकोष्ठाला चालतो आणि वायू कमी करतो. फक्त घेताना वर भरपूर पाणी हवे. कोरडा किंवा घोटभर पाण्यात गिळलेला इसबगोल फुगून अन्ननळीत अडकू शकतो. शिवाय बाकीची औषधे आणि इसबगोल एकाच वेळी घेऊ नयेत, मध्ये तास-दोन तास जाऊ द्यावेत.

'गॅस झालाय' म्हणून अंगावर काढू नका

इथपर्यंत सारे भाकरीचे झाले. आता जे लिहितो ते घरातल्या बायामाणसांनाही वाचून दाखवा.

आपल्याकडे पोटाच्या आणि छातीच्या प्रत्येक दुखण्याला 'गॅस' म्हणायची सवय लागली आहे. छातीच्या मध्यभागी दाब येतो, दगड ठेवल्यासारखे होते, दुखणे डाव्या हाताकडे, मानेकडे, जबड्याकडे किंवा पाठीत जाते, दरदरून घाम येतो, दम लागतो, मळमळते. हे भाकरीचे काम नव्हे. हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. साखरेच्या रुग्णांत आणि बायकांत तर कधी कधी छातीत फारसे दुखतच नाही. नुसते अपचन झाल्यासारखे, जीव घाबरल्यासारखे वाटते. अशा वेळी सोडा प्यायला, ओवा चावला, पोटावर हिंग चोळला, 'सकाळी बघू' म्हटले, यात जी रात्र जाते ती परत मिळत नाही. हृदयाची बंद पडलेली नळी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. इथे हिशेब दिवसांचा नाही, मिनिटांचा आहे. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि ईसीजी निघेल अशा दवाखान्यात न्यावे. रुग्णाला मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये, चालवतही नेऊ नये. ईसीजी चांगला निघाला आणि डॉक्टर म्हणाले गॅसच होता, तर आनंदाने घरी यावे. कोणी हसले तर हसू द्यावे.

दुसरे, सावकाश येणारे धोके. शौचातून रक्त जाणे, किंवा डांबरासारखी काळी शौचास होणे. काही न करता वजन उतरणे. रक्त कमी होणे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. अन्न गिळताना अडकणे. पोट फुगून उलट्या सुरू होणे आणि वायूही सरायचा बंद होणे, यात तर त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे. पन्नाशीच्या आसपास शौचाची वर्षानुवर्षांची सवय एकाएकी बदलली आणि आठवड्यांमागून आठवडे तशीच राहिली, तर आतड्याची तपासणी करून घ्यावी. बायकांत पोट सतत फुगलेले राहणे, दोन घासांत पोट भरणे हे कधी कधी अंडाशयाच्या आजाराचेही लक्षण असते, आणि आपल्याकडे बाई ते सांगते सर्वांत शेवटी. मुळव्याधच असेल, भाकरी सोडून बघू, उसाचे बिल आल्यावर जाऊ, असे म्हणत सहा-सहा महिने काढलेली माणसे मी कार्यक्षेत्रात पाहिली आहेत. मोठ्या आतड्याचा कर्करोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बरा होतो. बिलाची वाट पाहू नये.

लहान मूल चपाती खाऊन सतत जुलाब करते, पोट पुढे, हातपाय काड्या, वाढ नाही, असे असेल तर त्याला गव्हातले ग्लूटेन सोसत नसण्याची शक्यता असते. त्याची रक्ततपासणी आहे. ती होण्यापूर्वी घरच्या घरी गहू बंद करू नये, नाहीतर तपासणीत रोग लपतो. निदान झाल्यावर मात्र गहू कायमचा बंद, आणि तिथे आपली ज्वारी, बाजरी, नाचणी हाच आधार असतो, कारण या तिन्हींत ग्लूटेन नाही.

जाता जाता पिठाविषयी. बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून तिचे पीठ लवकर कडू होते. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपुरतेच दळावे, एकदम महिन्याचे दळण नको. ज्वारीचे पीठही जुने झाले की त्याची भाकरी चिरते आणि नीट भाजत नाही. वर सांगितलेल्या मुलासाठी दळण न्यायचे असेल तर गिरणीवाल्याला आधी सांगावे. गव्हाच्या पाठोपाठ टाकलेल्या ज्वारीत जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ उतरते आणि तेवढेही त्याला बाधते. सकाळी गिरणी झाडून घेतल्यावर पहिला घाणा आपला लावून घ्यावा, किंवा घरचे जाते अजून असेल तर ते धुऊन पुसून फक्त त्याच्यासाठी ठेवावे.